भेव लागलं तरी पाय चालले पाहिजेत: गावातल्या नव्या खेळाडूंसाठी मनाचा सराव

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. पेरण्या आटोपत आलेल्या असतात, शाळेच्या मैदानावरचं गवत कापलं जातं आणि पावसाच्या उघडिपीत कबड्डी, खो-खो, धावणं सुरू होतं. तालुक्याच्या शालेय स्पर्धा साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात लागतात. म्हणजे हातात सात-आठ आठवडे. या काळात पोरांच्या पायांवर भरपूर मेहनत होते, मनावर मात्र कोणी काम करत नाही. घरून निघताना आजी म्हणते, "हिंमत ठेव बाप्पा." गाडीतून उतरताना सर म्हणतात, "टेन्शन घेऊ नका रे." दोघांच्या बोलण्यात माया असते. पण टेन्शन घ्यायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं, हे पोराला कोणी दाखवलेलं नसतं.

ते दाखवण्यासाठी हे लिहितो आहे. शाळेच्या संघात पहिल्यांदा निवड झालेली मुलं-मुली, पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारे तरुण आणि त्यांना शिकवणारे खेड्यातले शिक्षक माझ्या डोळ्यांपुढे आहेत. मी यवतमाळ जिल्ह्यात ग्रामीण शाळेतल्या मुलांना खेळ शिकवतो. इथे सांगितलेल्या कशालाही पैसे लागत नाहीत. एक वही, एक साधं घड्याळ आणि रोजची पंधरा-वीस मिनिटं पुरतात. मात्र पूर आल्यावर पोहायला शिकता येत नाही, म्हणून शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यातच सुरुवात करा.

आधी भीतीची ओळख

"सर, लय भेव लागून राहिलं. पोटात कसंतरीच होऊन राहिलं." हे मी दरवर्षी ऐकतो, आणि बहुतेक वेळा संघातल्या चांगल्या खेळाडूच्या तोंडून ऐकतो. ज्याला सामन्याची पर्वा आहे त्यालाच भीती वाटते.

अशा वेळी अंगात काय होतं ते मुलांना समजावून सांगा. समोर काही महत्त्वाचं आहे असं मेंदूला वाटलं की शरीरात ॲड्रेनॅलिन सुटतं. छाती धडधडते, कारण स्नायूंना जास्त रक्त पोचवायचं असतं. तळहात गार पडतात, कारण कातडीकडचं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं. पोटात गोळा येतो, कारण पचनाचं काम तेवढ्यापुरतं मंदावतं. सारखं लघवीला लागल्यासारखं वाटतं. ही सगळी अंग धावायला तयार होत असल्याची लक्षणं आहेत. हे कळलं की अर्धा घोर तिथेच उतरतो. "मी घाबरलो" असं म्हणण्याऐवजी "अंग तयार होऊन राहिलं" असं म्हणायला मुलांना सवय लावा. लक्षणं तीच राहतात, पण त्यांच्याशी भांडण्यात जाणारी ताकद वाचते.

यर्क्स आणि डॉडसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवर काही प्रयोग केले. त्यातून निघालेली गोष्ट आज खेळाच्या मानसशास्त्रात सगळीकडे शिकवतात. ताण अगदीच कमी असला तर काम बिघडतं, फार वाढला तरी बिघडतं, मधल्या पट्ट्यात ते चांगलं होतं. काम जितकं नाजूक तितका कमी ताण त्याला सोसतो. गोळा फेकणाऱ्याला जो जोश उपयोगी पडतो, तोच धनुर्धराचा हात हलवतो. म्हणून संघातल्या सगळ्यांना एकाच पद्धतीने चेतवणं चुकीचं आहे. एखाद्याला सामन्याआधी पाठीवर थाप हवी असते, तर एखादीला बाजूला शांत बसायला जागा हवी असते. कोणाला काय लागतं हे सरावातच पाहून ठेवा.

पहिली पायरी: वही

शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर ध्येय लिहा, पण एक नाही, दोन. पहिलं निकालाचं: "जिल्ह्याला निवड व्हायची" किंवा "भरतीच्या ग्राउंडला (शारीरिक चाचणीला) पन्नासपैकी पंचेचाळीसच्या वर". दुसरं आपल्या हातातलं. निकाल कधीच पूर्णपणे आपल्या हातात नसतो, समोर कोण येईल हे आपण ठरवत नाही. दुसरं ध्येय असं हवं की जगातला कुठलाही प्रतिस्पर्धी ते हिरावू शकणार नाही.

भरतीचं उदाहरण घेऊ. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर धावायचं असतं. त्याला २० गुण, आणि पूर्ण गुणांसाठी ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. (मुलींना ८०० मीटर, पूर्ण गुणांसाठी २ मिनिटं ५० सेकंद. तरी आपल्या भरतीची जाहिरात स्वतः वाचून घ्याच.) ५ मिनिटं १० सेकंद म्हणजे ३१० सेकंद, ४०० मीटरच्या चार फेऱ्या, म्हणजे फेरीला ७७.५ सेकंद. आता नवा मुलगा काय करतो? बाजूचा जोरात निघाला म्हणून हाही निघतो, पहिली फेरी सत्तर सेकंदांत मारतो आणि तिसऱ्या फेरीत त्याचे पाय जमिनीला चिकटतात. मग तो म्हणतो, "माझी हिंमत सुटली." हिंमत सुटलेली नसते, हिशेब सुटलेला असतो. त्याने हातातलं ध्येय असं लिहावं: पहिली फेरी ७६ सेकंदांच्या आत मारायची नाही, बाजूचा कितीही पुढे गेला तरी. हे बोलायला सोपं आणि करायला फार कठीण आहे. वीस जण पुढे निघून जात असताना आपल्या वेगावर टिकून राहणं हे शुद्ध मनाचं काम आहे, आणि त्याचा सराव रोज करता येतो.

गावात ट्रॅक नसला तरी अडत नाही. बऱ्याच डांबरी रस्त्यांवर किलोमीटरच्या दगडांमध्ये दर २०० मीटरवर छोटे दगड असतात. आठ दगड म्हणजे १६०० मीटर. दोन दगडांमध्ये ३८ ते ३९ सेकंद. घड्याळ न बघता धावा, दगडापाशी पोचल्यावर अंदाज सांगा, मग घड्याळ बघा. दोन-तीन आठवड्यांत अंदाज आणि घड्याळ जवळ येऊ लागतात, आणि मग बाजूच्याच्या वेगाची भुरळ आपोआप कमी होते. पहाटेच्या अंधारात धावताना रस्त्याच्या उजव्या बाजूने धावा म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. पांढरा किंवा चमकणाऱ्या पट्ट्यांचा टी-शर्ट घाला आणि कानात इअरफोन अजिबात नको.

रोज रात्री वहीत तीन ओळी लिहा. आज काय जमलं, मन कुठे भरकटलं आणि उद्या कोणत्या एका गोष्टीकडे बघायचं. "आज सराव चांगला झाला" अशी ओळ लिहू नका, तिचा उपयोग नाही. "तिसऱ्या राउंडला खांदे वर गेले, दात आवळले" ही कामाची ओळ.

या वहीचा आणखी एक उपयोग आहे. आत्मविश्वास भाषणाने येत नाही, केलेल्या कामाच्या नोंदीने येतो. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांत शिकणारे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर पोचले. 'मिशन शौर्य' या मोहिमेत त्यांनी महिनोन्महिने टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण घेतलं होतं. एक टप्पा जमला की पुढच्यावर विश्वास बसतो. स्पर्धेच्या आदल्या रात्री "मला जमेल का?" हा प्रश्न येईल तेव्हा वहीची मागची पानं उलटून वाचा. उत्तर तिथे तुमच्याच अक्षरात असतं.

दुसरी पायरी: श्वास

मांडी घालून किंवा खुर्चीवर ताठ बसा. एक हात पोटावर ठेवा. नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या, पोट पुढे आलं पाहिजे. मग सहा आकडे मोजत सावकाश सोडा. एका श्वासाला साधारण दहा सेकंद, मिनिटाला सहा श्वास. रोज पाच मिनिटं, शक्यतो एकाच वेळी.

सोडणं लांब का? मनगटावर बोट ठेवून स्वतः पाहा. श्वास घेताना नाडी किंचित वेगाने चालते आणि सोडताना किंचित सावकाश. लांब सोडलेला श्वास छातीच्या धडधडीला थोडा लगाम घालतो. मुलांना हे बोटाखाली जाणवलं की त्यांचा विश्वास बसतो, तुम्हाला वेगळं काही पटवावं लागत नाही. ज्या गावांत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचं सामुदायिक ध्यान चालतं, तिथली मुलं हे फार लवकर शिकतात, कारण शांत बसण्याची त्यांना लाज वाटत नाही. इतर ठिकाणी पहिले काही दिवस हसणं-खिदळणं होतं. होऊ द्या.

पुष्कळ जण इथेच थांबतात आणि मग म्हणतात की सामन्यात उपयोग झाला नाही. बसून जमलेला श्वास मैदानात आपोआप येत नाही, त्याला तिथपर्यंत न्यावं लागतं. पहिला आठवडा बसून करा. दुसऱ्या आठवड्यात उभं राहून, डोळे उघडे ठेवून. तिसऱ्यात १०० मीटर जोरात धावून या, गुडघ्यांवर हात टेका आणि अर्ध्या मिनिटात श्वास ताब्यात आणा. चौथ्यात कबड्डीची एक चढाई करून परत या आणि पुढची चढाई पुकारली जाईपर्यंत दोन लांब श्वास सोडा. मोठे-मोठे, भराभर श्वास मात्र घेऊ नका, त्याने चक्कर येते.

अंग सैल करायची एक जुनी युक्तीही शिकून घ्या. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ती मांडली. स्नायू आधी मुद्दाम आवळायचा आणि मग सोडायचा. मूठ पाच सेकंद घट्ट आवळा, सोडा. खांदे कानांपर्यंत उचला, सोडा. दात आवळा, जबडा सैल सोडा. आवळलेलं आणि सैल यातला फरक अंगाला कळला की धावताना खांदे वर चढले आहेत हे तुमचं तुम्हालाच जाणवतं.

तिसरी पायरी: स्वतःशी काय बोलता ते ऐका

एक दिवस सरावात फक्त एवढंच करा. चूक झाली की मनात कोणतं वाक्य आलं ते लक्षात ठेवा आणि घरी जाऊन जसंच्या तसं लिहा. "काहून आलो मी इथं", "हे नाही होत आपल्याकडून", "सर आता सगळ्यांपुढं बोलतीन". दुसऱ्याला आपण असं कधी बोलणार नाही, पण स्वतःला दिवसभर बोलत असतो.

या वाक्यांच्या जागी खोटी फुशारकी भरायची नाही. "मी सगळ्यात भारी" हे मनाला पटत नाही, आणि न पटणारं वाक्य ऐन वेळी टिकत नाही. त्याऐवजी काम सांगणारे छोटे शब्द ठरवा. धावणाऱ्याला "खांदे सैल". गोळाफेकीला "ढकल". खो-खोत पाठलाग करणाऱ्याला "खाली वाक". पकड करणाऱ्या कोपऱ्याच्या खेळाडूला "पाय बघ". शब्द आपल्या घरच्या बोलीत असू द्या, भेव लागलं की माणूस त्याच भाषेत विचार करतो.

काय करायचं नाही ते सांगू नका, काय करायचं ते सांगा. "लाइनवर पाय देऊ नको" म्हटलं की डोळे लाइनवरच जातात. "मधून चाल" म्हणा. हे शिक्षकांनी बाजूने ओरडतानाही पाळायचं आहे. सामना चालू असताना तीन-तीन माणसं वेगवेगळ्या सूचना ओरडतात, त्यातलं एकही वाक्य आतल्या पोराच्या कामाचं नसतं. ओरडायचंच असेल तर ठरलेला एक शब्द ओरडा.

चौथी पायरी: आधी मनात खेळून बघा

बीजिंग ऑलिंपिकमध्ये २००८ साली मायकल फेल्प्स २०० मीटर बटरफ्लाय पोहत असताना त्याच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं आणि शेवटी त्याला काहीच दिसेना. त्याने हात मारण्याचे आकडे मोजले, भिंतीला हात लावला आणि सुवर्णपदक जिंकलं, तेही १ मिनिट ५२.०३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह. अशा अडचणींसकट शर्यत मनात पोहून बघायची त्याला वर्षानुवर्षांची सवय होती.

ही सवय तुम्हालाही लावता येते. रात्री अंथरुणावर पडल्यावर डोळे मिटा आणि आपली शर्यत किंवा एक चढाई सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा. स्वतःला दुरून बघू नका, स्वतःच्या डोळ्यांतून बघा. पायाखालची माती, शिट्टीचा आवाज, बाजूच्याचा श्वास, सगळं येऊ द्या. खऱ्या शर्यतीला लागतो तितकाच वेळ मनातही लागला पाहिजे. १६०० मीटर मनात दोन मिनिटांत संपलं तर तुम्ही कठीण भाग गाळलात. दर तिसऱ्या-चौथ्या वेळी एक अडचण घाला: चप्पल-बूट फाटला, पाऊस आला, पहिल्याच चढाईत बाद झालो. आणि त्यानंतर आपण काय केलं तेही बघा.

न पाहिलेलं मैदान मनात आणता येत नाही, म्हणून शक्य असेल तर ते आधी बघून या. गावच्या मातीवर वाढलेलं पोरगं पहिल्यांदा नागपूरच्या मानकापूरला विभागीय क्रीडा संकुलात किंवा अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या भल्या मोठ्या आवारात उतरतं, तेव्हा ते आधी त्या जागेनेच दबतं. जाणं जमत नसेल तर आदल्या वर्षी गेलेल्या मुलाकडून मोबाइलवरचे व्हिडिओ मागवा. सिंथेटिक ट्रॅकवर पोचलात तर आधी वाकून हाताने तो पृष्ठभाग चाचपून बघा, एक फेरी चालत मारा, आपली लेन कुठे वळते ते बघा. सुरुवातीच्या आज्ञाही गावातच कानावर पडू द्या. ४०० मीटरपर्यंतच्या शर्यतींना "ऑन युवर मार्क्स", "सेट" आणि मग गोळी. ८०० आणि त्यापुढच्या शर्यतींना "सेट" नसतं, "ऑन युवर मार्क्स"नंतर थेट गोळी. मोठ्या स्पर्धांच्या नियमांत २०१० पासून पहिल्याच चुकीच्या सुरुवातीला धावपटू बाद होतो. या आज्ञा आधी न ऐकलेला मुलगा गोळीच्या आवाजाने दचकतो आणि तिथेच मागे पडतो.

पाचवी पायरी: ठरलेला क्रम

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या कंपाउंड (कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या) धनुर्विद्येच्या अंतिम फेरीत नागपूरच्या ओजस देवतळेने १५० पैकी १५० गुण मिळवले. पंधरा बाण, पंधराही दहाच्या वर्तुळात. समोरच्या पोलंडच्या खेळाडूने १४९ घेतले होते. एक बाण जरी नऊवर गेला असता तरी बरोबरी झाली असती. एका बाणाला २० सेकंद मिळतात. असल्या चुरशीत मागच्या बाणाचा आनंद आणि पुढच्या बाणाची काळजी दोन्हींना जागा नसते, म्हणून धनुर्धर प्रत्येक बाणाला तोच क्रम पाळायला शिकतात.

आपल्या खेळातही असा क्रम बसवा. गोळाफेकीचा घ्या. टॉवेलने तळहात कोरडा करायचा. गोळा बोटांच्या मुळाशी घ्यायचा, मानेला लावायचा. एक श्वास लांब सोडायचा. समोरच्या झाडाचा शेंडा किंवा खांब बघायचा. "ढकल" म्हणायचं आणि फेकायचं. मग तोल सावरून वर्तुळाच्या मागच्या अर्ध्या भागातून बाहेर यायचं. हा शेवटचा तुकडासुद्धा क्रमात हवाच, कारण आनंदाच्या भरात पुढून बाहेर पडलेल्या मुलाची चांगली फेक बाद होते. सरावातली एकही फेक या क्रमाशिवाय करू नका.

कबड्डीत चढाईला ३० सेकंद असतात. आत जाण्याआधी हाताला माती चोळा, श्वास सोडा, समोर किती जण आहेत ते मोजा. सहा किंवा जास्त असतील तर बोनस रेषा ओलांडून जादा गुण घेता येतो. ही मोजणी खेळासाठी लागतेच, शिवाय तेवढा वेळ मन गर्दीकडे जात नाही.

सहावी पायरी: रविवारचा दबाव

माझ्या मते नवख्या संघाला सगळ्यात जास्त फायदा याचाच होतो, आणि गावोगावी सगळ्यात कमी केलं जातं ते हेच. आठवडाभर शांत मैदानात सराव करायचा आणि एकदम हजार माणसांपुढे उभं राहायचं, ही उडी फार मोठी आहे. मधल्या पायऱ्या आपण बांधायच्या.

तिसऱ्या आठवड्यापासून दर रविवारी एक खोटा सामना लावा. तो सुरुवातीपासून खेळायचा नाही, थेट शेवटापासून खेळायचा: गुण २७-२८, दोन मिनिटं बाकी, आपण एकाने मागे. मोबाइलवर गर्दीचा आवाज लावा, तो स्पीकरला जोडा. गावातल्या लोकांना बोलवा. त्यांना बाजूने ओरडायला सांगा, चिडवायलाही सांगा, मात्र जातीवरून, घरावरून, अंगावरून नाही. हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीच्या कबड्डीच्या टुर्नामेंट होतात. हॅलोजनच्या उजेडात दोरीला खेटून बसलेले लोक आणि माइकवरून मराठी-हिंदी मिसळून चाललेली कॉमेंटरी ज्याने अनुभवली आहे, त्याला या आवाजाचं वजन माहीत आहे. तो आवाज आधीच अंगवळणी पडला पाहिजे.

सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी "करो या मरो" असते, त्यात गुण मिळाला नाही तर चढाई करणारा बाद. ही तिसरी चढाई रविवारी मुद्दाम वेगवेगळ्या मुलांना द्या, सगळ्यात बुजऱ्या मुलालाही. आणि पंचाला सांगून ठेवा की एक निर्णय जाणूनबुजून चुकीचा द्यायचा. मुलांना आधीच कल्पना द्या की आज एक चुकीचा निर्णय येणार आहे, पण कधी ते सांगू नका. निर्णय आला की काय करायचं ते ठरलेलं असू द्या. फक्त कर्णधार पंचांशी बोलेल, बाकीचे आपापल्या जागी परत जातील, एक श्वास सोडतील आणि आपला शब्द म्हणतील. हुज्जत घातली तर हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातूनच बाहेर, हे त्यांना पाठ असू द्या. खऱ्या सामन्यात चुकीचा निर्णय आला की हाच संघ समोरच्या संघापेक्षा आधी सावरतो. मी हे पाहिलं आहे.

चूक झाल्यावर सावरायलाही क्रम लागतो. बाद होऊन बाहेर बसलेला मुलगा डोकं गुडघ्यात घालतो आणि पुढची तीन मिनिटं स्वतःला कोसत राहतो, मग जिवंत होऊन आत येतो तेव्हा त्याचं मन अजून मागच्याच चढाईत असतं. त्याला सांगा: बाहेर येताना पाणी पी, तोंड पूस, आणि बाकावर बसून समोरच्या संघाच्या डाव्या कोपऱ्याचा खेळाडू कुठला पाय आधी टाकतो ते मला सांग. हाताला काम मिळालं की मन परत येतं.

रविवारच्या सामन्यात हरलेल्याला शिक्षा करू नका. उठाबशा, मार, सगळ्यांपुढे पाणउतारा यांनी मुलगा मैदानाऐवजी शिक्षकाला घाबरायला शिकतो. ज्याची चढाई फसली त्याला पुढच्या रविवारी पहिली संधी द्या.

घर, वावर आणि झोप

स्पर्धांचा हंगाम पुढे सरकतो तशी सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी येते. दिवसभर वावरात वाकलेल्या मुलीकडून संध्याकाळी पूर्ण सराव करून घेऊ नका. थकलेल्या अंगात मनही चिडचिडं होतं, आणि त्याला आपण आळस म्हणतो. त्या दिवशी फक्त श्वास, मनातली शर्यत आणि थोडं अंग मोकळं करणं पुरे. झोप वाढत्या वयात आठ ते दहा तास लागते. मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत ठेवा, दुसरी खोली नसेल तर आईकडे द्या.

मुलींच्या वाट्याला एक वेगळं ओझं येतं. हाफ पँटवर बोलणारे, "पोरीची जात, काय करायचं धावून" म्हणणारे रस्त्यावर भेटतातच. शिक्षकांनी एकदा घरी जाऊन आई-बाबांशी, आजी-आजोबांशी बोलावं, सरावाची वेळ आणि सोबत कोण असेल ते स्पष्ट सांगावं. मुलींनी शक्यतो चौघी-पाच जणींनी मिळून धावावं. पाळीच्या तारखा वहीत लिहून ठेवाव्यात. पाळीत खेळायला हरकत नसते, पण त्रास होत असेल तर तो सांगता येईल अशी एक बाई संघासोबत हवीच. हे मोकळेपणाने बोलता आलं की मुलीच्या मनावरचा मोठा भार जातो.

आई-बाबांना माझी एकच विनंती असते. मूल स्पर्धेहून आलं की आधी "जेवलास का?" विचारा, "कितवा आलास?" नंतर.

स्पर्धेचा दिवस

आदल्या रात्री वहीत चार-पाच "असं झालं तर" लिहून काढा. एसटी उशिरा आली तर: लांब वॉर्म-अप सोडू, पण सांधे मोकळे करणं आणि दोन छोट्या धावा करूच. समोरचा संघ अंगाने थोराड निघाला तर: चेहरे बघायचे नाहीत, पाय बघायचे. सुरुवातीला चार गुण गेले तर: पुढच्या दोन चढायांत फक्त सुरक्षित परत यायचं. ऐन वेळी विचार करायला डोकं जागेवर नसतं, आधी लिहिलेलं मात्र आठवतं.

भरतीच्या ग्राउंडला वाट बघणं हीच अर्धी परीक्षा असते. बाहेरगावची मुलं रात्रीच येऊन बसतात, आणि नंबर लागेपर्यंत "तो अमका चार चाळीसला आला" अशा गप्पा चालतात. त्या गप्पांपासून उठून लांब बसा. गूळ-शेंगदाणे, केळं, पाणी जवळ ठेवा. ऊन असेल तर डोक्याला दुपट्टा बांधा. नंबर जवळ आला की खांदे आवळून सोडा, श्वास मोजा, आपला शब्द म्हणा. त्या दिवशी नवीन काहीही करायचं नाही: नवे बूट नाहीत, कोणी दिलेली गोळी नाही, शेजाऱ्याने सांगितलेली युक्ती नाही.

हरल्यावर

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषा ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने चौथ्या आल्या. दोन वर्षांनी, १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धांत त्यांनी चार सुवर्णपदकं जिंकली. ही गोष्ट हरलेल्या मुलाला त्याच संध्याकाळी सांगू नका, तेव्हा ती ऐकू येत नाही. त्या संध्याकाळी त्याला रडू द्या, खाऊ घाला, घरी पोचवा. दुसऱ्या दिवशी वही उघडा आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहून घ्या. हातातलं ध्येय पाळलं का? कुठल्या क्षणी मन सुटलं? त्या क्षणाचा सराव येत्या रविवारी कसा लावायचा?

भरतीत दोन-तीनदा थोडक्यात हुकलेल्या तरुणांबाबत जास्त जागरूक राहा. घरची शेती, वडिलांचं कर्ज, निघून चाललेलं वय, सगळं त्या एका निकालावर टांगलेलं असतं. असा मुलगा ग्राउंडवर येणं बंद झाला, बोलेनासा झाला, झोप-जेवण तुटलं, "आता काही उरलं नाही" असं म्हणू लागला, तर त्याला नुसती हिंमत देऊन सोडू नका. त्याच दिवशी त्याच्या घरी जा, त्याला एकटं ठेवू नका, घरातल्या मोठ्यांना विश्वासात घ्या. केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते. फोन लावायला त्याला संकोच वाटत असेल तर तुम्ही लावा, दोन वाक्यं बोला आणि मग फोन त्याच्या हातात द्या.